गेमिंग मशीनचा मदरबोर्ड बदलायचाय, बी५५० घेऊ का? (सोलापूर)

कडकभाकरी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

घरी स्वतः जोडलेलं मशीन आहे, २०१९च्या दिवाळीनंतर घेतलेलं. रायझन ५ २६००, ए३२०चा साधा दोन रॅम स्लॉटवाला बोर्ड, ८+८ जीबी डीडीआर४ (३०००ची), जीटीएक्स १६६० सुपर, ४५० वॉटचा बऱ्या कंपनीचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), २४० जीबीची साटा एसएसडी आणि एक म्हातारी हार्डडिस्क. विंडोज १०. इतकी वर्षं काही कटकट नव्हती.

आता दोन भानगडी झाल्यात. एक म्हणजे दुसऱ्या स्लॉटमधली रॅम मनात आलं तर दिसते. मशीन कधी १६ जीबी दाखवतं, कधी ८. दुसरं, नवे गेम मध्येच अडखळतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर १००ला टेकलेला असतो आणि ग्राफिक कार्ड ६०-७०वर निवांत.

माझा विचार असा: आत्ता बी५५०चा बोर्ड घ्यायचा, हाच २६०० त्यावर चढवायचा, आणि नवा प्रोसेसर दिवाळीच्या बोनसला. बजेट २५ हजार, ताणून २८. दुकानदार म्हणतो एएम४ (प्रोसेसर बसतो ते सॉकेट) आता संपलं, एएम५च घ्या. इथं नवी पेठेत घेऊ, पुण्याला जाऊ की हैदराबादला?

चाटीगल्ली
पहिला! आता वाचतो.

निळा_पडदा
थांब थांब. पैसे भरले नाहीस ना अजून?

बी५५०वर २६०० चालत नाही. सॉकेट तोच, एएम४. प्रोसेसर बसेल सुद्धा. पण एएमडीने बी५५० रायझन ३००० आणि त्यापुढच्यांसाठीच काढलाय. ए५२०चंही तेच. म्हणजे पंखे फिरतील, पडदा काळाच राहील आणि तू दिवाळीपर्यंत त्याच्याकडे बघत बसशील.

२६०० ठेवून टप्प्याटप्प्यानं जायचं असेल तर बी४५० घे. त्यावर २६०० आजही चालेल आणि बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं की रायझन ५ ५६०० पण. बी५५०च हवा असेल तर प्रोसेसर त्याच दिवशी घ्यावा लागेल. अधलीमधली वाट नाही.

पीएस५_वाला
कन्सोल घ्या. सोफ्यावर बसा. ना बायॉस, ना रॅम.

चाटीगल्ली
आला हा. प्रत्येक धाग्यावर असतो.

यंत्रमाग
काय करलालास बे कडकभाकरी! मागाचा सांगाडा बदलला म्हणून कापड लवकर निघतंय होय?

बोर्ड बदलून फ्रेम वाढत नाहीत. तुझा प्रोसेसर १००ला आहे नि कार्ड रिकामं बसलंय, म्हणजे अडतंय ते प्रोसेसरला. २०१८चा आहे तो. ५६०० मध्ये कोअर सहाच, थ्रेड बाराच, पण एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६च्या जागी ३२ एमबी आणि तीही सहाही कोअरना एकत्र मिळते. २६०० मध्ये ती ८-८ अशी दोन भागांत वाटलेली आहे. गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. आणि वीज दोघांची ६५ वॉटच्या हिशोबातलीच, तेव्हा तुझा एसएमपीएस पुरतोय. १६६० सुपर १२५ वॉट खातं. ४५० मध्ये निवांत बसतंय सगळं.

दुसरं, २०२२ मध्ये बऱ्याच ए३२० बोर्डांना पण ५००० सिरीजचं बायॉस आलंय. कंपनीच्या साईटवर तुझ्या बोर्डाचं पान उघड, प्रोसेसरची यादी बघ. ५६०० त्यात असेल तर बोर्ड कशाला बदलतोस?

तिसरं, राहायला कुठं आहेस? पूर्व भागात, मागांच्या वस्तीत असशील तर स्लॉट आधी साफ कर. आमच्या कारखान्याच्या वरच घर आहे. कॅबिनेटच्या जाळीवर सुताची लव बसून बसून चक्क पांढरी वाकळ तयार होते, बोटानं धरून सोलली की सलग निघून येते. तीच लव रॅमच्या स्लॉटमध्ये जाते, वर उन्हाळ्यातला कूलरचा दमटपणा, आणि मग रॅम लपंडाव खेळते.

कडकभाकरी
@निळा_पडदा, वाचवलंत. बोर्ड कार्टमध्येच होता.

@यंत्रमाग, अशोक चौकाजवळ. बरोबर ओळखलंत. आज रात्री साफ करून सांगतो.

रायझनराव
सगळे मिळून पोराला खड्ड्यात घालताय. एएम४वर पहिले रायझन आले मार्च २०१७ मध्ये. त्या सॉकेटवर आज पैसे घालणं म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात. एएम५ सप्टेंबर २०२२ला आलं आणि एएमडीने ते २०२७ आणि त्यापुढेही चालवू असं जाहीर केलंय. आज बी६५०चा बोर्ड आणि रायझन ५ ७६०० घ्या, तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदला, बोर्ड तोच. शिवाय ७६०० मध्ये छोटं ग्राफिक असतंच, कार्ड बिघडलं तरी पडदा दिसतो. २६००, ५६०० मध्ये तेही नाही.

दुकानदार चुकीचं बोलत नाहीये.

विजापूररोड
रायझनराव, रॅम कुठून आणायची त्याचं काय? एएम५ला फक्त डीडीआर५ लागते. डीडीआर४ची काडी तिथं बसतसुद्धा नाही, खाचच वेगळ्या जागी आहे. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव बघितलेत का? सगळं उत्पादन एआयवाल्यांच्या डेटा सेंटरकडे वळलंय. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या क्रुशियल ब्रँडचा ग्राहकांसाठीचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मी घेतलेली किट आज दुपटीहून महाग आहे, तीच कंपनी, तेच मॉडेल. २५ हजारांत बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम, तिन्ही बसवून दाखवा.

याच्याकडे चालू स्थितीतली १६ जीबी डीडीआर४ आहे. आजच्या बाजारात ती ठेव आहे, टाकून द्यायची वस्तू नाही.

रायझनराव
दादा, भाव खाली येतीलच की. सहा महिने थांबायचं.

विजापूररोड
दादा नाही, ताई. आणि सहा महिने ८ जीबीवर कोण खेळणार, तुम्ही?

चाटीगल्ली
पॉपकॉर्न महाग झालंय म्हणून शेंगा घेऊन बसलोय.

रायझनराव
ताई, माफ करा. मुद्दा मात्र मागे घेत नाही. :)

आजोबा_४८६
वा, धागा वाचून जुने दिवस आठवले. नव्वदीच्या दशकात आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये ३८६ आणि ४८६ जोडायचो. तेव्हा बायॉसमधून काही होत नसे, बोर्डावर जंपर असायचे. प्रोसेसरचा वेग, व्होल्टेज, सगळं त्या पिटुकल्या टोप्या हलवून ठरवायचं. पुस्तिका हरवली की संपलं.

आणि वीज! एटी एसएमपीएसमधून दोन वेगळे कनेक्टर यायचे, पी८ आणि पी९. शेजारी शेजारी लावायचे, पण उलटसुलट लावले तरी बसायचे. म्हणून पोरांना घोकून घेतलं होतं, काळ्या वायरी मध्ये एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत. ज्याचं चुकलं त्याचा बोर्ड गेला, आणि बोर्डाची किंमत तेव्हा मास्तरच्या पगाराएवढी. १९९५ मध्ये एटीएक्स आलं आणि एकच कनेक्टर, एकाच बाजूनं बसणारा. तुम्ही मंडळी सुखी आहात.

बाकी प्रश्न काय होता? हां, रॅम. खोडरबर घ्या आणि काडीच्या सोनेरी पट्ट्या हलक्या हातानं पुसा. ४८६ला चालायचं, आताही चालतं.

निळा_पडदा
+१ आजोबा. फक्त खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. स्लॉटसाठी मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, मेडिकलमध्ये मिळतं. पाण्याचा हात नको.

कडकभाकरी
केलं सगळं. कार्ड काढलं तेव्हा त्याच्या खाली यंत्रमाग म्हणतात तशी वाकळ होतीच, निळसर रंगाची. शेजारी सध्या त्याच रंगाचे टॉवेल निघतायत.

ब्रश, अल्कोहोल, खोडरबर, सगळं झालं. मग एकेक काडी वेगवेगळी लावून बघितली. पहिल्या स्लॉटमध्ये दोन्ही काड्या एकट्या एकट्या मस्त चालतात. दुसऱ्या स्लॉटमध्ये कुठलीही लावा, एकदा चालते, पुढच्या वेळी बंद. म्हणजे रॅम चांगली आणि बोर्ड गेला, बरोबर?

ए३२०च्या पानावर ५६०० आहे यादीत. पण दुसरा स्लॉटच नसेल तर उपयोग काय.

निळा_पडदा
रॅम चांगली, इथपर्यंत नक्की. बोर्ड गेला हे अजून सिद्ध नाही. रायझनमध्ये रॅमचा कंट्रोलर प्रोसेसरच्या पोटात असतो. एएम४ला पिना प्रोसेसरला असतात, १३३१. त्यातली एखादी वाकली किंवा तिथं कूलरखालची पेस्ट गेली तरी एक चॅनल (रॅमकडे जाणारी एक वाट) असाच आंधळा होतो. कूलर एका बाजूनं जास्त आवळला असेल तरीही होतं. आधी कूलरचे चारही स्क्रू सैल करून तिरपे-तिरपे सारखे आवळून बघ.

यंत्रमाग
आणि एका स्लॉटमध्ये १६ची एकच काडी घालून भागवू नकोस. रायझनला दोन चॅनल लागतात. एका काडीवर गेम आणखी अडखळेल.

हुग्गी
ग्राफिक कार्ड बदला, बाकी सगळं आपोआप नीट होईल.

यंत्रमाग
अरे, कार्ड ६०-७०वर आहे म्हणून लिहिलंय की पहिल्याच पोस्टीत. वाचत जा बे.

हुग्गी
वाचायला आलो असतो तर लायब्ररीत गेलो असतो.

विजापूररोड
बोर्ड बदलायचं ठरत आलंय तर विंडोजचं आत्ताच बघून घे. स्क्रू काढल्यावर नाही. मागच्या वर्षी माझं मशीन बदललं तेव्हा अर्धा दिवस हार्डवेअरमध्ये गेला आणि दीड दिवस विंडोजमध्ये.

लायसन्स कसलं आहे ते बघ. ओईएम (मशीनसोबत मिळालेलं) असेल तर ते जुन्या बोर्डाला बांधलेलं असतं, नव्यावर येईलच असं नाही. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेव. बोर्ड बदलल्यावर अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये 'नुकतंच हार्डवेअर बदललं' असा पर्याय येतो.

ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेली आहे का तेही बघ. बिटलॉकरची (विंडोजच्या ड्राइव्ह-कुलपाची) किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपशी बांधलेली असते. बोर्ड किंवा प्रोसेसर बदलला की टीपीएम बदलतो, आणि सुरू केल्यावर निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुतेक वेळा खात्यात साठवलेली असते, पण खात्याचा पासवर्ड कोणाला आठवतोय? आधीच कागदावर उतरवून घे.

तिसरं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एसएसडीची मांडणी एमबीआर (जुनी पद्धत) आहे की जीपीटी (नवी) ते बघ. २०१९ला घाईत टाकलेलं विंडोज असेल तर एमबीआर निघायची शक्यता आहे. नव्या बोर्डावर जुनी लेगसी पद्धत बहुधा बंद असते, मग त्याला एसएसडी दिसते पण विंडोज सापडत नाही. विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाची सोय आहे, डेटा न उडवता बदलून देते. तरी बॅकअप घेऊनच कर.

आणि विंडोज १०चा साधा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय. बोर्ड बदलतोच आहेस तर त्याच बैठकीत कोरं ११ टाक. निम्म्या कटकटी जन्मालाच येणार नाहीत.

कडकभाकरी
ताई, एमबीआरच निघाली! मग कोरंच टाकतो. फोटो हार्डडिस्कवर आहेत, एसएसडीवर गेम सोडून काही नाही.

११साठी बोर्ड बदलावाच लागतो असं गल्लीतला मित्र म्हणत होता?

निळा_पडदा
नाही. २६०० विंडोज ११च्या यादीत आहे. ए३२० मध्येही एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) असतं, बायॉसमध्ये जाऊन चालू करायचं. व्हॅलोरंट हा गेम ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) मागतो म्हणून लोक उगाच बोर्ड बदलत सुटलेत. एमबीआरवर सिक्युअर बूट चालत नाही, खरी गोम तिथं असते.

पार्कचौकी
खरेदीचं मी सांगतो, तिन्ही ठिकाणी हिंडून झालंय.

पुण्याला तापकीर गल्ली, मुंबईला लॅमिंग्टन रोड, हैदराबादकडे सिकंदराबादचं सीटीसी. भाव सीटीसीला बरा मिळतो, आणि पूर्व भागातल्या मंडळींना तेलुगू येत असल्यानं आणखी बरा मिळतो (हे कोणी मान्य करत नाही, पण खरं आहे). पण बोर्डाला वॉरंटी असते तीन वर्षांची. बिघडला की तो सर्व्हिस सेंटरला कोण नेणार? जाण्यायेण्याचं तिकीट आणि बुडालेला रोज धरला तर वाचलेले पाचशे-सातशे तिथंच गेले. इथल्या दुकानातून घेतलं तर बहुतेकजण स्वतः पाठवून आणून देतात. घेण्याआधी तेवढं विचारा आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. '१८ टक्के जीएसटी वाचवतो, बिल नको' म्हणणाऱ्याकडून बोर्ड घेऊ नका. एसएमपीएस तर नाहीच नाही.

एएम५ किंवा इंटेल घेणाऱ्यांनी आणखी एक. तिथं पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. दुकानातच झाकण उघडून, मोबाइलची बॅटरी तिरपी मारून बघा. एखादी वाकडी असेल तर वेगळी चमकते. घरी आल्यावर दाखवलंत तर 'तुमच्या हातून वाकली' एवढंच उत्तर मिळतं. ते प्लास्टिकचं झाकण फेकू नका, वॉरंटीत बोर्ड परत देताना मागतात.

चाटीगल्ली
वंदे भारतनं पुण्याला जाऊन बोर्ड आणला तर तिकिटाचे पैसे बोर्डात धरायचे की चैनीत?

पार्कचौकी
हुतात्मा एक्स्प्रेस आहे की. वंदे भारत २०२३ला आली, त्याच्या आधी काय सोलापुरात मशीनं नव्हती?

यंत्रमाग
पाणी आलं. भरून येतो.

हुग्गी
आमच्याकडे काल येणार होतं, आज पण नाही. धागा जुळे सोलापूरकडे वळवा जरा.

आजोबा_४८६
आमच्याकडे चार दिवसांआड. मंडळी, बायॉस अपडेट करताना वीज गेली तर काय होतं तेही सांगा याला. इथला उन्हाळा आहे.

निळा_पडदा
आजोबांचा मुद्दा लाखाचा. अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तर बोर्ड तिथंच बसू शकतो. यूपीएसवर करा, नसेल तर वीज सहसा जात नाही अशा वेळी. आणि शक्यतो असा बोर्ड घ्या ज्याला मागे बायॉस फ्लॅशचं बटण असतं. पेनड्राइव्ह लावून, प्रोसेसर न बसवताही अपडेट होतं. बी५५० जून २०२०चा आणि ५००० सिरीज नोव्हेंबर २०२०ची, म्हणजे दुकानात पडून राहिलेला जुना डबा असेल तर ५६०० ओळखणार नाही. तेव्हा हे बटण कामाला येतं.

यंत्रमाग
आलो. टाकी भरली.

अर्थिंग राहिलं. आमच्या भागातल्या जुन्या घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला उघडा हात लावला आणि झिणझिण्या आल्या तर नवा बोर्ड घरी आणायच्या आधी वायरमन बोलवा. शंभर माग एकदम सुरू झाले की व्होल्टेज कसं नाचतं ते पंख्याच्या आवाजावरून कळतं आम्हाला. बोर्डाला ते कोण सांगणार?

कडकभाकरी
ठरलं मग. स्क्रू सगळे सारखे आवळून बघितले, फरक नाही. बी५५० चार स्लॉटचा मायक्रो एटीएक्स आणि ५६००, दोन्ही एकदम. बटणवालाच घेतोय. दिवाळीचा बोनस आत्ताच खर्च झाला असं समजतो. रायझनराव, रागवू नका.

कोणी जोडणीचं चार शब्द सांगा. जुनं जोडलं तेव्हा व्हिडिओ बघून केलं होतं, आता काही आठवत नाही.

रायझनराव
रागावलो नाही. तीन वर्षांनी याच धाग्यावर भेटू. पण जोडणीत मदत करतो.

जुना प्रोसेसर काढताना नीट ऐक. एएम४ मध्ये पेस्ट वाळलेली असते आणि कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, खटका बंद असतानाच. मित्राच्या मशीनवर डोळ्यांसमोर बघितलंय, कोपऱ्यातल्या पिना आडव्या. म्हणून आधी मशीन पंधरा-वीस मिनिटं गेम लावून तापव, मग बंद करून प्लग काढ, चारही स्क्रू सोड, आणि कूलर डावी-उजवीकडे हळू पिळत सैल कर. सुटला की मग उचल.

नव्या बोर्डावर कूलरसाठी दोन काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतील. ५६०० सोबत येणारा कूलर स्क्रूचा आहे, त्याला त्या काढाव्या लागतात. काढताना बोर्डाच्या मागची लोखंडी प्लेट खाली पडते, एका हातानं धरून ठेव.

निळा_पडदा
बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवण्याआधी मागची पत्र्याची जाळी, म्हणजे आयओ शील्ड. सगळे इथंच विसरतात. पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकायचे खुंट) जिथं बोर्डाला भोक आहे तिथंच असू दे. जादा असलेला काढून टाक, खालून शॉर्ट होतो. २४ पिनशिवाय वर कोपऱ्यात प्रोसेसरचा ८ पिन वेगळा असतो, तो बोर्ड बसवायच्या आधी ओढून ठेव, नंतर हात जात नाही. रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. एचडीएमआय ग्राफिक कार्डलाच, बोर्डाला नाही. ५६०० मध्ये ग्राफिक नाही.

आणि पहिलं चालू झालं की बायॉसमध्ये एक्सएमपी लाव. जुन्या बोर्डावर लावलं होतंस का?

कडकभाकरी
ते काय असतं?

निळा_पडदा
रॅमला तिच्या छापील वेगावर धावायला लावणारी सेटिंग. म्हणजे ३०००ची रॅम इतकी वर्षं तिच्या मूळ मंद वेगावर धावत होती. असो.

चाटीगल्ली
'असो' मध्ये किती दुःख आहे.

कडकभाकरी
झालं मंडळी! याच मशीनवरून लिहितोय.

आजोबांनी वीज जाण्याचं बजावलं होतं म्हणून पहाटे बसलो. कूलर तापवून पिळला, चिकटलेलं सुटताना चिकट 'टप्' असा आवाज आला, प्रोसेसर जागेवरच राहिला. बाहेर काढून भिंगाखाली बघितला. पिना सगळ्या ओळीत, पण एका कडेला राखाडी पेस्टचा ठिपका पिनांच्या मुळाशी होता. ब्रशनं काढला.

प्लेट पडलीच, धरून होतो तरी. पायावर.

पहिल्यांदा सुरू केलं तर बोर्डावरचा डीरॅमचा दिवा लागून राहिला नि पडदा काळा. पोटात गोळा. एकच काडी दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवली, चालू झालं. बंद करून दुसरी चौथ्यात दाबली, या वेळी दोन्ही बाजूंचे खटके वाजेपर्यंत. १६ जीबी. मग एक्सएमपी, मग कोरं ११. ज्या गेममध्ये अडखळायचं तिथं ग्राफिक कार्ड आता ९५च्या वर आहे नि प्रोसेसर ५५-६०. अडखळणं बंद.

तापमान खेळताना ७८-८०. खोलीत साधा पंखा, बाहेर ४१. चालेल का?

यंत्रमाग
चालतंय. ९०च्या आत आहे ना. मे महिन्यात कॅबिनेटची बाजूची काच काढून ठेव आणि जाळी दर पंधरवड्याला सोल.

हुग्गी
ग्राफिक कार्ड ९५ला म्हणजे आता ग्राफिक कार्ड बदला. मी पहिल्यापासून सांगत होतो.

पीएस५_वाला
माझं अजून चालूच आहे. सहज सांगितलं.

बाळीवेस
अभिनंदन. तो जुना २६०० विकणार का? माझ्या भावाच्या मशीनला लावायचाय, त्याच्याकडे बी४५० आहे नि जुना रायझन ३.

कडकभाकरी
विकणार. साडेतीन हजार, जुन्या कूलरसकट. व्यनि (खासगी निरोप) करा.

निळा_पडदा
विकण्याआधी एक. तुझा मूळ प्रश्न अजून सुटलेला नाही. दुसरा स्लॉट बोर्डामुळे जात होता की प्रोसेसरमुळे? तू दोन्ही एकदम बदललेस, त्यामुळे आज कोणालाच माहीत नाही. तो पेस्टचा ठिपका मला खटकतोय. कदाचित तेवढंच कारण असेल आणि आता प्रोसेसर ठणठणीत असेल. कदाचित कंट्रोलरच अर्धा गेलेला असेल.

रायझनराव
सहमत. पहिल्यांदाच.

कडकभाकरी
रास्त आहे. न तपासता पैसे घेत नाही. पण माझ्याकडे २६०० चालणारा बोर्ड आता तो ए३२०च आहे.

निळा_पडदा
मग त्याच बोर्डावर परत लाव. दोन्ही रॅम स्थिर दिसल्या तर गुन्हेगार ठिपका होता, बोर्ड पण चांगला आणि प्रोसेसर पण. नाही दिसल्या तर पुन्हा अडलं, तेव्हा दुसरा बोर्ड लागेलच.

बाळीवेस
एवढं कशाला? रविवारी भावाच्या बी४५०वरच लावून बघू. दोन रॅम आहेत त्याच्याकडे. दोन्ही दिसल्या आणि तासभर गेम चालला तर तीन हजार रोख.

कडकभाकरी
तीन दोनशे.

बाळीवेस
तीन, आणि चहा-भजी माझ्याकडून. बायॉस आधी बघून ठेवतो. काही बोर्डांवर नवं बायॉस टाकलं की जुने प्रोसेसर यादीतून जातात म्हणे.

कडकभाकरी
चालेल. अकरा वाजता येतो.

निळा_पडदा
खिशात टाकून आणू नकोस. नव्या ५६००ची प्लास्टिकची डबी असेल, तिच्यात पिना खाली करून ठेव आणि वर रबर लाव.